झारा परत मिळवण्याचे चाळीस दिवस

मंगळवार, ३ सप्टेंबर. संध्याकाळ.

आजपासून वही. कुणी वाचायची नाही. तांदळाच्या पिंपामागे ठेवणार. माझी बायको सालोमत तिथं झाडत नाही, एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

वही सुरू करण्याचं कारण एकच, होलमत. त्याचा सूड घ्यायचाय, आणि सूड नीट घ्यायचा तर नोंदी हव्यात.

झालं ते असं. मागच्या महिन्यात दवाखान्यात सगळ्या मोहल्ल्याचं रक्त तपासलं. माझं कोलेस्टेरॉल निघालं ७.९. पाहिजे पाचाच्या आत. ही बाब माझ्या आणि डॉक्टर फेरुझाच्या मधली. पण दुपारपर्यंत सगळ्या चायखान्याला आकडा पाठ. गुरुवारच्या पुलावाच्या बैठकीत होलमत उठला आणि म्हाताऱ्यांसमोर म्हणाला, एर्गाशआकांना, म्हणजे मला, कढईपासून लांब ठेवलं पाहिजे. पुलाव करणाऱ्याला चरबी चाखावीच लागते, आणि यांना चरबी म्हणजे विष. म्हाताऱ्यांनी आमीन म्हणत तोंडावरून हात फिरवले. म्हणजे ठरलं. माझा झारा, माझ्या वडिलांचा झारा, त्या होलमतच्या हातात. तीस वर्षं माझ्या हाताखाली गाजरं चिरली त्यानं!

वर मला थोरला भाऊ मानून म्हणतो, "पाचाच्या खाली आणा आका, झारा तुमचाच."

आणीन. आणि त्याच झाऱ्यानं त्याच्या ताटात सगळ्यात करपलेला कांदा वाढीन.

वेळ मात्र थोडा आहे. बारा ऑक्टोबरला माझ्या मुहय्योच्या लग्नाचा सकाळचा पुलाव. चारशे माणूस. ती सहा वर्षांची असताना मी तिला शब्द दिलाय, तुझ्या लग्नाची कढई दुसरा कुणी ढवळणार नाही. मुलीच्या लग्नात बाप दारात उभा राहून हात धुवायला पाणी देणार आणि पुलाव होलमत करणार? कोकंदमध्ये मला पुन्हा तोंड दाखवता येईल का?

म्हणून आज फेरुझाकडे गेलो. ही मुलगी लहानपणी माझ्या कढईची खरवड मागायला यायची, आज मला डोळे वटारून बघते. गोळी कधी लागू पडते, विचारलं. म्हणाली, एक-दोन आठवड्यांत कामाला लागते, पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे. आतून काही जाणवणार नाही. रोज एक, न चुकता, खाण्यावर ताबा, आणि मग पुन्हा रक्त.

चार ते सहा आठवडे म्हणजे काय? चिल्ला. चाळीस दिवस. बाळंतिणीचा चाळीस, नव्या नवरीचा चाळीस, थंडीचा चाळीस. एवढं शिकून तिनं आमच्या म्हाताऱ्या बायकांचंच सांगितलं. आणि चिल्ला कधीपासून मोजतात? नवरी उंबरा ओलांडते त्या दिवसापासून. मग ती काम करो की झोपून राहो. गोळ्यांनी आज उंबरा ओलांडला. आजपासून चाळिसावा दिवस बारा ऑक्टोबर. बरोब्बर! बोटांवर दोनदा मोजलं.

साठ गोळ्या आहेत. आज घेतली नाही. रात्री मुगाचं सूप होतं. गोळी काय मुगाशी भांडणार?

गुरुवार, ५ सप्टेंबर.

६:४० – पहिली गोळी घेतली. गरम हिरव्या चहाबरोबर.

७:०० – काही नाही.

७:१५ – डाव्या कानात कसलीशी हालचाल. चरबी सुटत असावी.

७:२० – थांबली.

बैठकीला गेलो. पुलाव होलमतचा. गाजर जाड. तांदूळ भिजवायला अर्धा तास कमी. दोन ताटं खाल्ली, कारण नीट टीका करायची तर पुरेसं खावं लागतं. लोकांनी त्याचं कौतुक केलं. काय माणसं आहेत ही. एकतीस वर्षं यांना मी जेवू घातलं.

शनिवार, ७ सप्टेंबर.

गोळीविषयी पक्का नियम केला. औषध शत्रू समोर असताना वापरायचं. पुलावाच्या दिवशी गोळी, इतर दिवशी विश्रांती. रोज घेतली तर शरीराला सवय लागेल आणि गोळीला माज येईल.

सालोमतनं विचारलं, गोळी घेतली का. मी म्हटलं, चालू आहे. खोटं नाही. चिल्ला चालूच आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर. पहाटे.

सूड सुचला!

होलमत चौपन्नचा. पोट माझ्यापेक्षा मोठं. त्याचं रक्त तपासलं तेव्हा तो अंदिजानला भावाकडे होता, म्हणजे त्याचा आकडा कुणालाच माहीत नाही. तो वाढवायचा. कसा? हातानं. बैठकीत वडीलधाऱ्यानं स्वतःच्या हातानं पुलावाचा घास भरवला तर तोंड उघडावंच लागतं. नाही म्हणणारा माणूस आमच्यात अजून जन्मला नाही. मी वयानं मोठा. दर गुरुवारी ताटातली दुंब्या मेंढ्याच्या जाड शेपटाची सगळी चरबी वेचायची, मूठभर भातात दडवायची आणि प्रेमानं होलमतच्या घशात घालायची. चार-पाच गुरुवार. मग सगळ्यांसमोर त्याचं रक्त काढायचं. माझा आकडा चार, त्याचा नऊ. झारा घेईन आणि त्याला मुगाच्या सुपाची कृती सांगीन.

इतकं सुंदर काही मला पूर्वी सुचलं नव्हतं.

गुरुवार, १२ सप्टेंबर.

गोळी घेतली. योजना अमलात.

पहिला घास भरवला. म्हटलं, खा भावा, दमलास. त्यानं खाल्ला. डोळे पाणावले त्याचे. मग एक अडचण आली जी मी हिशेबात धरली नव्हती. भरवलेल्याला परत भरवावं लागतं. तीही रीतच. त्यानं आपल्या ताटातली चरबी वेचली आणि मला भरवली. मी पुन्हा भरवला. त्यानं पुन्हा. म्हातारे वाहवा करायला लागले, किती हे प्रेम, झारा गेला तरी मनात किल्मिष नाही. सालिम हाजींना तर रडू फुटलं.

नऊ घास माझे, नऊ त्याचे. बरोबरी. पण मी गोळी घेतलीये आणि त्यानं नाही. म्हणजे मीच पुढे.

रविवार, १५ सप्टेंबर.

फेरुझा रस्त्यात भेटली. पुलावावर मी सहा प्याले गरम हिरवा चहा पितो, थंड पाण्याला शिवतसुद्धा नाही, हे तिला सांगितलं. चरबी पोटात गोठते ती थंड पाण्यानं, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ती म्हणाली, काका, रक्तातलं कोलेस्टेरॉल चहानं धुतलं जात नाही.

घरी येऊन प्रयोग केला. तेलकट ताटलीवर उकळता हिरवा चहा ओतला. चरबी वाहून गेली! थंड पाणी ओतलं, चरबी बसली. सालोमतला दाखवलं. तिनं ताटली हातातून घेतली आणि साबणानं घासली.

हिशेब: सहा प्याले चहा म्हणजे एक गोळी. या न्यायानं मी रोज दोन घेतोय. जास्त तर होत नाही ना? आठवडाभर गोळीला हात न लावलेलाच बरा.

गुरुवार, १९ सप्टेंबर.

गोळी घेतली (नियमाला धरून).

अकरा घास. त्याचेही अकरा. सालिम हाजी म्हणाले, या दोघांना पाहून तरुणांनी शिकावं.

एक बघून ठेवलं. जेवण झालं की होलमत पाठ फिरवतो, जाकिटाच्या आतल्या खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकतो, वर चहाचा घोट. तंबाखू असणार. बायकोला सांगितलं होतं सोडली म्हणून. हेही सुडाच्या यादीत टाकलं. योग्य वेळी वापरीन.

रविवार, २२ सप्टेंबर.

लग्नाचा मेंढा आला. अंगणात बांधलाय. शेपूट म्हणजे परातभर. मी समोर बाजेवर बसलो, तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. एकतीस वर्षं या जातीवर विश्वास टाकला आणि आतून यांनी माझ्या नसा लिंपल्या. तुलाही बघून घेईन, म्हटलं त्याला. सालोमत दोरीवर कपडे वाळत घालत होती. कुणाशी बोलताय, म्हणाली.

पट्टा एक भोक पुढे सरकवावा लागला. ढिला करायला. औषध चढलं की सुरुवातीला सूज येत असणार. विसावा दिवस आहे, अर्धा चिल्ला. अर्धा परिणाम झालाच असेल, म्हणजे आत्ता साडेसहाच्या आसपास.

गुरुवार, २६ सप्टेंबर.

गोळी. चौदा घास. त्याचे चौदा.

घरी येताना चढावर दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा तुतीच्या झाडाला धरून. होलमत मागून येत होता. नुसता शेजारी उभा राहिला, जोडा बांधायचं नाटक करत. माझा अशक्तपणा मोजत असणार. त्याचा जोडा बिनबंदाचा आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर.

मुहय्यो वर आली. म्हणाली, बाबा, मला तुमच्या हातचा पुलाव नको. मी म्हटलं, काय बोलतेस. ती म्हणाली, मी निघताना तुम्ही दारात उभे राहून दुआ द्यायला हवेत, बाकी पुलाव कुणीही करू दे. मग अब्बोसकाकांचं नाव घेतलं आणि रडायला लागली.

अब्बोस माझा थोरला भाऊ. आमच्या घरचा झारा आधी त्याच्याकडे होता. एका लग्नात कढईपाशी खाली बसला तो उठलाच नाही. सत्तेचाळीसचा होता. ऊन फार होतं त्या दिवशी. सगळे म्हणाले, ऊन फार होतं.

लग्नाच्या तोंडावर मुलींचं मन हळवं होतं. तिला दोन अक्रोड फोडून दिले. ती गेल्यावर एक गोळी घेतली, पुलाव नसताना. का घेतली ते कळलं नाही. नियम मोडला.

गुरुवार, ३ ऑक्टोबर.

गोळी. शेवटचा हल्ला. सोळा घास. सोळाव्याला होलमत कानाशी वाकून म्हणाला, आका, आता पुरे करा, तुम्हाला त्रास होईल. घाबरला! मी लगेच सतरावा कोंबला. मग त्याचाही सतरावा आला.

मग उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं. पुढच्या गुरुवारी सकाळी मी आणि होलमत दोघंही दवाखान्यात रक्त देणार. कढईपाशी उभा राहणारा प्रत्येक जण तपासलेला हवा. म्हाताऱ्यांना पटलं. होलमतनं जाकिटाच्या खिशावर हात ठेवला, मग बरं म्हणाला. त्या क्षणासाठी मी पाच गुरुवार वाट पाहिली. ऑगस्टमध्ये त्यानं मला उभं केलं होतं, आता तो उभा आहे.

आज झोप छान लागणार.

मंगळवार, ८ ऑक्टोबर.

चिल्ल्याचा छत्तिसावा दिवस. झाऱ्याची मूठ तेल लावून पुसायची राहिलीये. झारा होलमतकडे आहे. परवा आणला की करीन.

भाषणाची तयारी: "होलमत, मी सूडबुद्धीचा माणूस नाही." इथं थांबायचं. चहा प्यायचा. मग आकडा सांगायचा.

सालोमतनं संध्याकाळी विचारलं, किती गोळ्या उरल्या. चालू आहे म्हटलं. तिनं पाकीट मागितलं. कुठं ठेवलंय आठवत नाही म्हटलं. तांदळाच्या पिंपामागे आहे, वहीच्या बाजूला.

गुरुवार, १० ऑक्टोबर.

सकाळी रक्त दिलं. फेरुझानं विचारलं, रोज घेतली ना? मी भुवया अशा उडवल्या की त्याचा कसाही अर्थ निघावा. आजचा पुलाव अजून पोटात गेला नव्हता, तरी एक गोळी जाता जाता घेतली, शेवटच्या क्षणी मदत म्हणून.

दुपारी रिपोर्ट. चायखान्यात निम्मी बैठक आधीच जमलेली.

माझा ८.४.

होलमतचा ४.६.

मशीन बिघडलंय, मी म्हटलं. फेरुझा म्हणाली, मशीन एकच आहे काका. मग होलमतनं जाकिटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून बाजेवर ठेवलं. तंबाखू नाही. हीच गोळी. तीन वर्षांपासून रोज घेतो म्हणे, जेवणानंतर, न चुकता. गुरुवारची चरबी सोडली तर घरी भाजी-भातच खातो. सुरुवातीला त्यालाही काही जाणवलं नव्हतं. पाच आठवड्यांनी आकडा उतरला, तेव्हा कळलं.

मी तीन वर्षांच्या गोळीवर नऊ, अकरा, चौदा, सतरा घास टाकत होतो. आणि त्यानं टाकलेले तेवढेच घास माझ्यावर. माझ्या आत गोळी होती का? होती. अधूनमधून.

भाषण केलं नाही. चहा प्यालो. थंड झाला होता.

घरी आलो तर सालोमत स्वयंपाकघरात पिंपाजवळ बसलेली. समोर पाकिटं. सात गेल्यात, त्रेपन्न आहेत, म्हणाली. मी चिल्ल्याचं समजावलं. उंबरा, नवरी, सगळं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, नवरी चाळीस दिवस डब्यात बसत नाही."

वही तिनं वाचली की नाही, विचारायची हिंमत झाली नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. संध्याकाळ.

लग्नाच्या आदल्या दिवसाची गाजरं. अंगणात पाट, पन्नास किलो पिवळी गाजरं, मोहल्ल्यातले सगळे पुरुष सुऱ्या घेऊन. कढई मांडलेली. तिच्यापाशी होलमत, हातात झारा.

मी कुठं बसावं कळेना. एकतीस वर्षांत या दिवशी कधी बसलोच नव्हतो, मी फिरत असे आणि दुसऱ्यांच्या गाजरांना नावं ठेवत असे. शेवटी टोकाच्या पाटावर बसलो, सुरी घेतली. चिरत गेलो. माझे काप काडेपेटीतल्या काडीएवढे, सारखे. त्यातही सूड घ्यायचा होता, बाकीच्यांना लाज वाटेल असे.

थोड्या वेळानं होलमत आला, शेजारी बसला, दुसरी सुरी घेतली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, आता काय हवंय, झारा मिळाला ना?

तो चिरत राहिला. मग म्हणाला, "सालोमतवहिनी माझ्याकडे आल्या होत्या, ऑगस्टमध्ये, तुम्हाला कढईपासून लांब ठेव म्हणून सांगायला. मीच म्हणालो होतो त्यांना, आका माझा द्वेष करतील. त्या म्हणाल्या, करू देत."

मी सुरी ठेवली.

"अब्बोसआका पडले तेव्हा झारा माझ्या हातात दिला होता त्यांनी," होलमत म्हणाला. "कढई करपू नये म्हणून मी ढवळत राहिलो. बघायलासुद्धा वळलो नाही. तुमच्या वेळी परत ढवळत उभं राहायचं नव्हतं मला."

त्या दिवशी झारा कुणी धरला होता हे मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. पुलाव करपला नव्हता एवढंच आठवत होतं. ऊन फार होतं, एवढंच म्हणत आलो.

मला फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे नाकारीन. सूड घ्यायला माणूस उरला नाही. बायकोचा घेता येत नाही, फेरुझाचा घ्यायला कारण नाही, मेंढा सकाळीच कापला.

होलमतची गाजरं अजून जाडच होती. एक सुधारून दिलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर. चिल्ल्याचा चाळिसावा दिवस.

सकाळचा पुलाव झाला. चारशे नाही, साडेचारशे माणूस आला. मी दारात उभा राहिलो, हात धुवायला पाणी दिलं, सगळ्यांना या म्हटलं. नवरी निघताना दुआ दिली. मुहय्योनं माझा हात असा धरला की बोटं दुखली. पुलाव चांगला होता. वाईट असता तर लिहिलं असतं.

गर्दी ओसरल्यावर होलमत ताट घेऊन आला. घास करून पुढे केला. सगळे बघत होते. नाही म्हणता येत नाही. मी डोळे मिटून तोंड उघडलं. आला तो भात, गाजर, एक बेदाणा. चरबी एकही नाही, सगळी वेचून काढलेली. गाजर माझंच होतं, कापावरून ओळखलं.

परत भरवायची पाळी माझी होती. मीही चरबी वेचली. वेळ लागला, सवय नाही.

७:०० – सालोमतनं गोळी आणि पाण्याचा प्याला समोर ठेवला. मी घेईपर्यंत उठली नाही. घेतली. आजपासून खरी मोजणी. आज पहिला दिवस. चाळिसावा येतो वीस नोव्हेंबर. म्हणजे बैठकीच्या एक दिवस आधी. होलमत, झारा तेल लावून तयार ठेव.

७:३० – अजून काही फरक वाटत नाही.